मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया आणि मानेचे स्नायू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात चर्चा होते ती मज्जारज्जूची, दबलेल्या शिरेची आणि लकव्याच्या भीतीची. स्नायूंचा विषय निघतो तो बहुधा टाके निघाल्यानंतर, हातातली कळ थांबलेली असूनही मान दिवसभर जड वाटत राहते तेव्हा. पुढील प्रश्न रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक नेहमी विचारतात. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. ज्या डॉक्टरांनी तुमचा एमआरआय पाहिला आहे आणि तुमच्या हातापायांची ताकद तपासली आहे, त्यांचा सल्ला यापेक्षा वेगळा असेल तर त्यांचाच मानावा.

शस्त्रक्रिया मणक्याची असते, मग त्यात स्नायूंचा संबंध कुठे येतो?

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि ते सात लहान मणक्यांवर तोललेले असते. केवळ हाडे, त्यांच्यामधल्या मऊ चकत्या आणि अस्थिबंध यांच्या बळावर हा तोल टिकत नाही. मांडवाचा खांब जसा चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे उभा राहतो, तशी मान स्नायूंच्या ताणामुळे उभी राहते. मणक्यापर्यंत पोहोचायचे तर सर्जनला या स्नायूंच्या कडेने, त्यांच्यामधून किंवा त्यांना हाडापासून सोडवूनच जावे लागते. शिरेवरचा किंवा मज्जारज्जूवरचा दाब काढला की त्या दाबाची लक्षणे कमी होऊ लागतात. स्नायूंचे दुखणे मात्र वाटेत जे घडले त्यातून येते आणि स्वतःच्या गतीने बरे होते. ही दोन दुखणी वेगळी आहेत हे आधीच माहीत असले, तर शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने पुष्कळ कमी घाबरण्याचे जातात.

मानेत नेमके कोणते स्नायू असतात?

मागच्या बाजूला सर्वांत वर ट्रॅपेझियस हा रुंद स्नायू असतो, त्याखाली स्प्लेनियस, त्याखाली सेमीस्पायनॅलिस आणि अगदी हाडाला चिकटून मल्टिफिडस. वरचे थर मोठ्या हालचाली करतात आणि खांदे उचलून धरतात. खालचे थर एकेका मणक्याला जागेवर स्थिर ठेवतात. कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंमध्ये ताणाची जाणीव मेंदूला कळवणारी सूक्ष्म संवेदन-यंत्रणा विलक्षण दाट असते. डोळे मिटूनही आपले डोके कुठे वळले आहे हे आपल्याला कळते, त्यात या स्नायूंचा वाटा मोठा आहे.

पुढच्या बाजूला हात लावल्यावर जाणवतो तो कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा स्टर्नोक्लिडोमास्टॉइड. हाताला न लागणारा, पण या संपूर्ण विषयात महत्त्वाचा असलेला स्नायू म्हणजे मणक्यांच्या थेट पुढ्यात, अन्ननलिकेच्या मागे असलेला लाँगस कोली. मान पुढे कलंडू न देता सरळ धरण्याचे काम तो करतो आणि मानेचे जुने दुखणे असलेल्यांमध्ये तो शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच अशक्त झालेला असतो.

गळ्याकडून, म्हणजे पुढून केलेल्या शस्त्रक्रियेत स्नायू कापले जातात का?

फारच कमी. आज प्रचलित असलेला पुढचा मार्ग अमेरिकेतील स्मिथ आणि रॉबिन्सन तसेच क्लोवर्ड यांनी १९५०च्या दशकात रूढ केला. त्वचेखालचा प्लॅटिस्मा हा कागदासारखा पातळ स्नायू उघडल्यावर सर्जन एका नैसर्गिक फटीतून आत जातात. स्टर्नोक्लिडोमास्टॉइड आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी एका बाजूला राहते, तर श्वासनलिका आणि अन्ननलिका दुसऱ्या बाजूला. कोणताही मोठा स्नायू आडवा कापावा लागत नाही. त्यामुळे बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतात आणि त्यांना वेदनाही बेताची असते.

तरीही ही वाट पूर्णपणे बिनत्रासाची म्हणता येणार नाही. मणक्यापाशी पोहोचल्यावर लाँगस कोलीच्या आतल्या कडा हाडापासून उचलून त्याखाली रिट्रॅक्टरची, म्हणजे जखम उघडी धरणाऱ्या साधनाची, पाती बसवली जातात. जितक्या अधिक पातळ्यांवर, म्हणजे मणक्यांच्या जोड्यांवर, काम, तितकी ही उचल लांब. याच स्नायूच्या अंगावरून सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळी जाते. तिला धक्का बसला तर त्या बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली लहान दिसते. असे क्वचितच होते आणि बहुधा काही काळाने सुधारते, पण रुग्णाला आरशात हे प्रथम दिसते तेव्हा तो हादरतो, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला.

सरकलेली चकती काढून तेथे हाड सांधले काय किंवा कृत्रिम चकती बसवली काय, स्नायूंतून जाणारी वाट एकच असते. कृत्रिम चकतीमुळे त्या सांध्याची हालचाल राखली जाते. स्नायूंवरचा प्रवेशाचा ताण त्यामुळे कमी होत नाही.

मागून केलेल्या शस्त्रक्रियेत काय होते?

येथे चित्र बरेच वेगळे आहे. मानेच्या मागे मधोमध एक अस्थिबंध उभा असतो. त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, म्हणून सर्जन त्याच रेषेतून आत उतरतात. रेष नेमकी सापडली तर रक्तस्राव नगण्य होतो. थोडेही बाजूला गेले की स्नायू कापला जातो. मणक्याच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचल्यावर दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून खरवडून वेगळे करावे लागतात. कमानी पूर्ण काढायच्या असोत, मणके स्क्रू-सळयांनी जोडायचे असोत किंवा लॅमिनोप्लास्टी करायची असो, हे सोडवणे टळत नाही.

लॅमिनोप्लास्टीत मणक्याची मागची कमान काढून न टाकता एका बाजूने दरवाजासारखी उघडून मज्जारज्जूला जागा करून दिली जाते. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. मज्जारज्जूच्या पुढचा अस्थिबंध हाडासारखा कठीण होण्याचा आजार तेथे तुलनेने जास्त आढळतो. 'ओपन डोअर' हा तिचा प्रकार हिराबायाशी यांनी १९७७ मध्ये पुढे आणला. मज्जारज्जूच्या दृष्टीने निकाल उत्तम येत असूनही अनेक रुग्ण मान, मानगूट आणि खांदे दुखत असल्याची तक्रार घेऊन परत येत राहिले, आणि मागच्या स्नायूंचा गंभीरपणे विचार व्हायला या तक्रारी कारण ठरल्या. पुढे शिराइशी यांच्यासारख्या जपानी सर्जननी स्नायूंची हाडावरची पकड शक्य तितकी न तोडता, मणक्यांच्या टोकांना दुभंगून किंवा स्नायूंच्या थरांमधून जाऊन दाब काढण्याच्या पद्धती मांडल्या. एकेकाळी किरकोळ समजली जाणारी तक्रार शस्त्रक्रियेची आखणी बदलू शकली, ही माझ्या मते या क्षेत्रातील फार बोलकी घटना आहे.

स्नायूंना इजा नेमकी कशाने होते? सुरीने?

सुरीचा वाटा त्यात सर्वांत लहान आहे. खरी कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण रिट्रॅक्टरचा दाब. जखम उघडी ठेवण्यासाठी लावलेली पोलादी पाती स्नायूला दोन्हीकडून रेटून धरतात. रेटलेल्या स्नायूच्या आतला दाब वाढतो, तेथील बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तेवढा भाग ऑक्सिजनशिवाय राहतो. दाब किती आणि किती वेळ, यावर नुकसान अवलंबून असते. म्हणूनच अनुभवी सर्जन लांबलेल्या शस्त्रक्रियेत रिट्रॅक्टर अधूनमधून सैल करून स्नायूला रक्त घेऊ देतात. स्नायूपेशी फुटल्या की त्यांतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस त्याची पातळी वाढलेली दिसते.

दुसरे कारण मज्जातंतूंचे. मागच्या खोल स्नायूंना चालना देणारे तंतू प्रत्येक मणक्यापाशी मागे वळून बाजूने स्नायूत शिरतात. स्नायू फार बाजूपर्यंत सोडवला किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी विद्युत-दहन सढळपणे वापरले तर हे केसासारखे तंतू तुटतात. रक्ताअभावी दुखावलेला स्नायू पुन्हा वाढू शकतो, कारण त्याच्याकडे राखीव पेशी असतात. चालनाच तुटलेला स्नायू मात्र हळूहळू सुकतो आणि त्याच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरतात.

तिसरे कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नसून घरी घडते, ते म्हणजे न वापरणे. भीतीपोटी महिनोन्महिने पट्ट्यात जखडून ठेवलेली मान झपाट्याने ताकद गमावते. पहिली दोन कारणे सर्जनच्या हातात असतात, तिसरे बहुतांशी रुग्णाच्या.

सी-२ आणि सी-७, म्हणजे मानेतील वरून दुसरा आणि सातवा, या मणक्यांना सर्जन इतके जपतात ते का?

कारण मागचे महत्त्वाचे स्नायू तेथे घट्ट बसलेले असतात. सेमीस्पायनॅलिस सर्व्हायसिस या मान ताठ धरणाऱ्या स्नायूची सर्वांत भक्कम पकड सी-२च्या मागच्या टोकावर असते, आणि कवटीखालचे काही छोटे स्नायूही तेथूनच निघतात. ही पकड सोडवली तर नंतर टाके घालूनही ती पूर्वीइतकी मजबूत होईलच असे नाही, आणि मान हळूहळू पुढे झुकण्याचा धोका वाढतो. सी-७ म्हणजे मान खाली घातल्यावर मानगुटीशी हाताला लागणारे टणक टोक. ट्रॅपेझियस आणि ऱ्हॉम्बॉइड या खांद्याच्या पात्यांना धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा एक भाग तेथे सुरू होतो. आजाराने परवानगी दिली तर अनेक सर्जन ही दोन्ही टोके अबाधित ठेवतात. परवानगी द्यायची की नाही हे मात्र एमआरआय ठरवतो.

असे असेल तर पुढूनच शस्त्रक्रिया करून घेणे शहाणपणाचे नाही का?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे सरसकट उत्तर देणे चुकीचे ठरेल. एक-दोन चकत्या सरकून पुढून दाब येत असेल तर पुढचा मार्ग सरळ आणि सोयीचा असतो. तीन-चार किंवा अधिक पातळ्यांवर मज्जारज्जूची नलिका अरुंद झाली असेल, जन्मतःच ती निमुळती असेल आणि मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असेल, तर मागून जागा करून देणे अनेकदा अधिक परिणामकारक ठरते. मज्जारज्जूवरील दाब वेळेत आणि पुरेसा निघाला नाही तर हातांची बोटे बधिर राहतात, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, चालताना तोल जातो. स्नायूंचे दुखणे कितीही त्रासदायक असले तरी त्याची तुलना या नुकसानीशी होऊ शकत नाही. स्नायू वाचवण्यासाठी अपुरी शस्त्रक्रिया स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्ग मज्जारज्जूच्या गरजेने ठरवावा आणि त्या मार्गावर स्नायू किती जपता येतील हे सर्जनला अवश्य विचारावे.

छोट्या छेदाच्या किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत स्नायूंचे नुकसान होत नाही, हे खरे आहे का?

नुकसान कमी होते. होतच नाही असे नाही. नळीसारख्या साधनाने स्नायूंचे धागे बाजूला सारत आत जाता येते, त्यामुळे ते हाडापासून खरवडावे लागत नाहीत आणि पहिल्या काही आठवड्यांतील वेदना कमी राहते. एका बाजूची एकच शीर दबलेली असेल तर ही पद्धत उत्तम बसते. अनेक पातळ्यांवर मज्जारज्जूच दबलेला असेल तर केवळ छेद छोटा हवा म्हणून तिचा आग्रह धरणे योग्य नाही.

हातातली कळ आणि मुंग्या गेल्या, पण मान आणि खांदे आता आधीपेक्षा जास्त दुखतात. ऑपरेशन फसले का?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच असते. हातात उतरणारी, विजेसारखी चमकणारी कळ ही शिरेची. ती गेली असेल तर ज्यासाठी शस्त्रक्रिया केली ते साध्य झाले आहे. मानगूट, खांद्यांचा वरचा भाग आणि दोन पात्यांमधील जागा येथे दिवस सरत जाईल तसे वाढणारे, आडवे झाल्यावर कमी होणारे, जड ओझे ठेवल्यासारखे दुखणे हे स्नायूंचे. मागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते अनेकांना जाणवते आणि काही महिन्यांत ओसरत जाते. काहींना मात्र ते वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ थोड्याफार प्रमाणात पुरते. जखमेच्या आसपास आणि कधी डोक्याच्या मागच्या भागात कातडी बधिर वाटते, तेही त्वचेकडे जाणारे बारीक तंतू दुखावल्यामुळेच.

पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांनाही पात्यांमध्ये दुखू शकते. चकती काढून तेथे ठोकळा बसवताना मणक्यांमधील अंतर वाढते, मागचे छोटे सांधे आणि स्नायू अचानक ताणले जातात आणि ते काही आठवडे कुरकुर करतात.

वेदना कमी होत जाऊन पुन्हा एकाएकी वाढली, ताप आला किंवा हातात नव्याने अशक्तपणा जाणवू लागला, तर मात्र 'स्नायूंचेच असेल' म्हणून घरी थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस सगळे ठीक होते आणि मग अचानक एक हात वर उचलता येईना. हे कशामुळे?

याला सी-५ पाल्सी म्हणतात. पाचव्या शिरेवर चालणारे डेल्टॉइड आणि दंडाचा बायसेप्स हे स्नायू अशक्त होतात. केस विंचरायला किंवा मांडणीवरचा डबा काढायला हात वर जात नाही, पण बोटांची पकड चांगली असते. मागून दाब काढल्यावर मज्जारज्जू मागे सरकतो आणि आखूड असलेली पाचवी शीर ताणली जाते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढच्या शस्त्रक्रियेनंतरही हे घडू शकते. विविध पाहण्यांत हे प्रमाण सरासरी १०० पैकी सुमारे ५ रुग्ण असे आले आहे.

घाबरवणारे असले तरी बहुतेकांची ताकद काही महिन्यांत परत येते. थोड्यांना वर्षाहून अधिक काळ लागतो आणि फार थोड्यांत काही कमतरता कायम राहते. मधल्या काळात खांदा आखडू न देणे हे घरच्यांचे काम आहे. रुग्णाला पाठीवर झोपवून, कोपराला आधार देऊन हात दिवसातून दोन-तीन वेळा पूर्ण वर नेऊन आणावा. हे टाळले तर शीर सुधारते तोवर खांदाच जाम झालेला असतो. लक्षण दिसताच सर्जनला कळवणे आवश्यक आहे, कारण रक्ताची गाठ किंवा स्क्रूचा दाब यांसारखी कारणे आधी वगळावी लागतात.

गिळताना अडकल्यासारखे होते आणि आवाज बसला आहे. हाही स्नायूंचा परिणाम आहे का?

पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे गिळताना त्रास होणे अगदी सामान्य आहे. अन्ननलिका आणि तिच्याभोवतीचे स्नायू बाजूला ओढून धरलेले असतात, तेथे सूज येते. मऊ खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी असे अन्न छोट्या घासांनी, ताठ बसून घ्यावे आणि गोळ्या गिळण्यापूर्वी घोटभर पाणी प्यावे. आवाज बसतो तो स्वरयंत्राच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू ताणला गेल्यामुळे किंवा भूल देताना घातलेल्या नळीमुळे, आणि तो बहुधा पूर्ववत होतो. तीन महिन्यांनंतरही त्रास कायम असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर इतकेही थांबू नये.

कोणती लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे?

श्वास घ्यायला त्रास होणे किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूस सूज वाढत जाणे, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत. हातापायांतील ताकद कमी होत जाणे, चालताना नव्याने तोल जाणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा सुटणे. जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव येणे आणि थंडी वाजून ताप येणे. यांपैकी एकही लक्षण स्नायूंच्या दुखण्यात मोडत नाही.

मानेचा पट्टा किती दिवस वापरावा?

शस्त्रक्रियेचा प्रकार, हाडाचा कस आणि बसवलेल्या प्लेट-स्क्रूंची पकड यांनुसार हा काळ ठरतो. एका पातळीवर प्लेटसह केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अनेक सर्जन पट्टा देतच नाहीत किंवा थोडे दिवसच देतात. लांबलचक जोडणी किंवा ठिसूळ हाडे असतील तर तो काही आठवडे लागतो. लॅमिनोप्लास्टीनंतर पूर्वी दीर्घकाळ पट्टा घालायला लावत असत. तो लवकर काढून मान हलवू दिल्यास दुखणे आणि आखडणे कमी होते, असा अनुभव आल्यावर तो काळ आता बराच कमी झाला आहे.

सांगितलेल्या मुदतीनंतरही 'आधार वाटतो' म्हणून पट्टा चालू ठेवणारे रुग्ण पुष्कळ असतात. आधार वाटतो हे खरेच आहे, कारण स्नायूंचे काम पट्टा करत असतो. मुदत संपली की तो एकदम फेकून न देता घरात काढून ठेवावा, प्रवासापुरता घालावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सोडावा.

व्यायाम केव्हा सुरू करावा आणि कोणता?

चालणे पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि सुरुवातीचे काही आठवडे तोच सर्वांत चांगला व्यायाम असतो. त्याच काळात बिछान्यातून उठण्याची रीत शिकून घ्यावी. पाठीवर झोपलेले असताना डोके उचलून सरळ उठून बसू नये, कारण त्यात गळ्याचे स्नायू पूर्ण ताकदीने ओढले जातात. आधी संपूर्ण अंगाने कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपर व तळहाताने रेटा देत बसते व्हावे.

मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम सर्जननी परवानगी दिल्यावर, हाड जोडले असल्यास बहुधा सहा आठवड्यांच्या आसपास, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू होतात. पहिला व्यायाम पाहणाऱ्याला व्यायाम वाटतच नाही. गुडघे दुमडून पाठीवर झोपावे, डोक्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल घ्यावा आणि 'हो' म्हणताना हनुवटी जितकी खाली येते तितकीच हळूच आणावी. डोके वर उचलायचे नाही. कवटीची मागची बाजू टॉवेलवर किंचित सरकली पाहिजे. दोन बोटे गळ्याच्या बाजूला, स्टर्नोक्लिडोमास्टॉइडवर ठेवावीत. तो स्नायू दोरीसारखा ताठ झाला तर जोर चुकीच्या जागी लागतो आहे असे समजावे आणि हालचाल निम्मी करावी. दहा सेकंद धरून सोडणे, असे दहा वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नये. फिजिओथेरपिस्ट कधीकधी मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिचा दाब २० मिलिमीटर पाऱ्यापासून दोन-दोनने ३० पर्यंत वाढवायला सांगतात. निरोगी माणसालाही हे पहिल्या दिवशी वाटते तितके सोपे जात नाही.

यासोबत खांद्यांची पाती मागे-खाली ओढून धरण्याचे व्यायाम घ्यावेत, कारण पाती लोंबकळत राहिली तर त्यांचे वजन थेट मानेच्या स्नायूंवर येते. भोवळल्यासारखे किंवा डोके 'जागेवर नसल्यासारखे' वाटत असेल तर स्थितीची जाणीव सुधारणारे व्यायाम दिले जातात : कपाळाला लेझरचा छोटा दिवा बांधून, डोळे मिटून मान वळवायची आणि भिंतीवरच्या खुणेवर परत आणायची. वजन घेऊन ताकद वाढवण्याचा टप्पा साधारण तीन महिन्यांनंतरचा. दुखणे थांबले म्हणून व्यायाम थांबवणे ही नेहमीची चूक आहे. पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांमध्येही मानेच्या स्नायूंची ताकद आणि दमसास शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ कमीच राहिलेला आढळला आहे.

मालिश, शेक किंवा मान 'मोडून' घेणे चालेल का?

जखम पूर्ण भरल्यावर खांद्यांना हलक्या हाताने तेल लावणे चालते. शेक खांद्यांवर आणि पाठीवर घ्यावा. बधिर कातडीवर गरम पिशवी ठेवू नये, चटका बसल्याचे कळतही नाही. न्हाव्याकडे किंवा हाडवैद्याकडे मान कडकन मोडून घेणे मात्र कायमचे वर्ज्य समजावे. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीच्या आतल्या पापुद्र्याला चीर पडू शकते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या मानेत स्क्रू किंवा नुकते सांधलेले हाड हलण्याचा धोका वेगळाच.

तंबाखू, मिश्री आणि स्नायू यांचा काय संबंध?

निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाड सांधायला आणि दुखावलेला स्नायू भरून यायला जे रक्त हवे, तेच कमी पडते. ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया मिश्रीला तंबाखूत मोजतच नाहीत आणि डॉक्टरांनी विचारल्यावर 'काही व्यसन नाही' असे सांगतात. मिश्री तंबाखूचीच असते, तेव्हा ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून आणि हाड सांधेपर्यंत बंद असलीच पाहिजे. हाड सांधायला तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो.

वर्षभराने केलेल्या एमआरआयच्या अहवालात स्नायूंमध्ये चरबी भरल्याचे लिहिले आहे. याचा अर्थ काय घ्यावा?

आडव्या छेदाच्या चित्रात निरोगी मल्टिफिडस करडा, भरीव दिसतो. सुकलेल्या स्नायूत पांढऱ्या रेघा आणि ठिपके दिसतात, ती चरबी. मागच्या शस्त्रक्रियेनंतर असे काही प्रमाणात अपेक्षितच असते, आणि अनेकांच्या जुन्या एमआरआयमध्ये ते आधीपासूनच असते, म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढावा. चित्रातील चरबी आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. भरलेली चरबी व्यायामाने पुसली जाईलच असे नाही, परंतु उरलेला स्नायू बळकट होतो आणि रोजच्या कामाला तेवढा बहुधा पुरतो.

चरबीपेक्षा मानेचा बाक पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. समोर पाहायला हनुवटी मुद्दाम वर करावी लागत असेल, किंवा संध्याकाळपर्यंत डोके छातीकडे झुकत असेल, तर उभे राहून काढलेला बाजूचा एक्स-रे करून घ्यावा. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये हा झुकाव लपून राहतो.

जोडणीनंतर मान कायमची ताठ होते का?

एका पातळीची जोडणी झाली तर फरक फारसा जाणवत नाही. मान डावी-उजवीकडे वळण्याचा सुमारे निम्मा भाग सर्वांत वरच्या दोन मणक्यांमध्ये घडतो आणि बहुतेक शस्त्रक्रिया त्याच्या खाली असतात. तीन-चार पातळ्या जोडल्या तर वर पाहताना आणि गाडी मागे घेताना कमतरता जाणवते. पहिल्या काही महिन्यांतील ताठरपणाचा बराचसा भाग मात्र स्नायूंचा असतो आणि तो सुटतो.

शेतीकाम, दुचाकी आणि डोक्यावरचे ओझे यांचे काय?

बैठे काम अनेकांना पुढच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत जमते. मागच्या शस्त्रक्रियेनंतर अधिक वेळ लागतो. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि अर्ध्या तासाने उठावे. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये. पाण्याची भरलेली कळशी याहून बरीच जड असते. दुचाकीवर हेल्मेटचे वजन आणि खड्ड्यांचे हादरे दोन्ही दुखावलेल्या स्नायूंवर येतात आणि मान वळवून मागचे पाहताही येत नाही, म्हणून सर्जनच्या परवानगीशिवाय ती चालवू नये. मागे बसून जाणेही त्याच कारणाने टाळावे.

डोक्यावर हंडा, गवताचा भारा किंवा पाटी वाहण्याचे काम बहुतेक सर्जन शस्त्रक्रियेनंतर कायमचे बंद करायला सांगतात. ज्या घरात पाणी आणि चारा याच मार्गाने येतो, तेथे ही सूचना पाळणे रुग्णापेक्षा घरातील इतरांवर अधिक अवलंबून असते; म्हणून ती घरी सोडतानाच्या कागदावर लिहून घ्यावी आणि ती सांगितली जाताना मुलगा, सून किंवा नवरा यांपैकी कोणीतरी समोर असावे.